जुन्या जावा प्रोजेक्टमधे सोर्स आणि क्लास फाइली एकाच फोल्डरमधे आहेत, कुठून सुरुवात करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की हिंजवडीतल्या एका छोट्या टीममधे तुम्ही आहात, पतसंस्थांसाठीचं एक जुनं जावा सॉफ्टवेअर तुमच्या अंगावर आलंय, अँट या जुन्या टूलने बिल्ड होतं, डॉट जावा (माणसाने लिहिलेला सोर्स) आणि डॉट क्लास (तो कंपाइल होऊन बनलेल्या, जावा प्रत्यक्ष चालवतो त्या) फाइली शेजारी शेजारी एकाच फोल्डरमधे पडल्यात आणि दोन्ही गिटमधे (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं टूल) चेक-इन केलेल्या आहेत. तुमच्या लॅपटॉपवर सगळं चालतं, सर्व्हरवर टाकलं की कधी अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर येतो, कधी काहीच एरर येत नाही पण केलेला बदल दिसत नाही. आणि तुम्ही विचारताय की फोल्डरची रचना मेव्हनसारखी (हेही बिल्डचंच टूल, ठरावीक फोल्डर मानणारं) करून घेऊ का, आणि क्लास फाइली गिटमधून काढून टाकल्या तर चालेल का.

दोन्हीला उत्तर हो आहे. पण लगेच आज संध्याकाळी करू नका, आधी पूर्ण वाचा, कारण या क्रमात चूक झाली तर परत मागे जाणं अवघड होतं, मी ते बघितलंय.

मला विचाराल तर तुमचा खरा प्रश्न फोल्डरच्या आधीचा आहे. आत्ता पतसंस्थेच्या सर्व्हरवर जी क्लास फाइल चालतीय ती नेमक्या कुठल्या सोर्सपासून बनली आणि कुठल्या जेडीकेने (कंपाइलरसकट येणारा जावाचा संच) बनली, हे तुमच्या टीममधे आज कुणालाच छातीठोकपणे सांगता येणार नाही. बाकीचे सगळे त्रास याच एका गोष्टीतून निघतात. फोल्डर वेगळे करायचे ते दिसायला छान म्हणून नाही, तर क्लास फाइलींचा अख्खा फोल्डर कधीही बिनधास्त उडवता यावा आणि एका कमांडने जसाच्या तसा परत उभा करता यावा म्हणून. हे ज्या दिवशी जमेल त्या दिवशी तुमचं काम झालं, मग फोल्डरचं नाव टार्गेट ठेवा, बिल्ड ठेवा, काहीही ठेवा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. सर्व्हरवर जावा कुठलं आहे आणि ते बदलायला पतसंस्था तयार आहे का. सगळ्या क्लास फाइलींचे सोर्स तुमच्याकडे आहेत का (जुन्या प्रोजेक्टमधे बहुतेक वेळा नसतात). आणि हे सॉफ्टवेअर एकाच ठिकाणी चालतं की वीस पतसंस्थांकडे वीस वेगवेगळ्या अवस्थेत चालतं. शेवटची गोष्ट असेल तर खाली सांगतोय ते प्रत्येक ठिकाणासाठी वेगळं करावं लागेल, पर्याय नाही.

आता आधी एररचं बघू कारण ते सोपं आहे. गिट बॅश उघडा आणि कुठलीही एक क्लास फाइल एक्सएक्सडीने बघा, ही कमांड फाइलीतले बाइट हेक्समधे, म्हणजे १६ च्या पायावरच्या आकड्यांत दाखवते. पहिले चार बाइट कायम सीए एफई बीए बीई असतात, कॅफेबेब, ही जावाच्या क्लास फाइलीची ओळख. त्यापुढचे दोन बाइट मायनर व्हर्जन आणि त्यापुढचे दोन मेजर व्हर्जन. म्हणजे तुम्हाला सीए एफई बीए बीई ०० ०० ०० ३४ असं दिसलं तर ते ३४ हेक्समधलं आहे, आपल्या आकड्यांत ५२, आणि ५२ म्हणजे जावा ८. तिथे ३७ दिसलं तर ५५, जावा ११. ३डी दिसलं तर ६१, जावा १७. मेजर आकड्यातून ४४ वजा करायचे की जावाची आवृत्ती मिळते, एवढं लक्षात ठेवलं की तक्ता शोधत बसावं लागत नाही. हेक्स बघायचा कंटाळा असेल तर जावापी (क्लास फाइल उलगडून दाखवणारी जेडीकेतली कमांड) मायनस व्ही लावा, तो सरळ मेजर व्हर्जन लिहून देतो.

नियम एकच आहे, नवा जावा जुनी क्लास फाइल चालवतो, जुना जावा नवी क्लास फाइल घेत नाही. सर्व्हरवर जावा ८ असेल आणि तुमच्यातल्या कुणाच्या लॅपटॉपवर १७ असेल तर त्या माणसाने हात लावलेल्या फाइलीच फक्त ६१ च्या होणार, कारण अँटचा जावासी टास्क (जावासी म्हणजे जावाचा कंपाइलर) ज्या सोर्सची वेळ क्लासपेक्षा नवी आहे तेवढ्याच कंपाइल करतो, बाकीच्या तशाच राहतात. म्हणजे एकाच फोल्डरमधे ५२ आणि ६१ दोन्ही नांदतायत. आणि जावा क्लास लागेल तेव्हाच लोड करतो, त्यामुळे सर्व्हर सकाळी व्यवस्थित चालू होतो, लॉगिन होतं, पावत्या निघतात, आणि दुपारी कुणीतरी व्याज आकारणीचं बटण दाबलं की तिथे पडतो. तुम्ही लिहिलंय ना की कधी येतो कधी येत नाही, तर ते असं आहे. सगळ्या क्लास फाइलींवर एक छोटी स्क्रिप्ट फिरवा आणि सातवा-आठवा बाइट छापून घ्या, दहा मिनिटांत कळेल किती फाइली कुठल्या जावाच्या आहेत. हे आजच करा, यात काही मोडत नाही.

तेवढ्यात मायनरचे दोन बाइटही बघून घ्या. ते शून्य असायला हवेत. एफएफ एफएफ म्हणजे ६५५३५ दिसलं तर कुणीतरी प्रिव्ह्यू फीचर (अजून पक्की न झालेली, चाचणीपुरती सोय) चालू ठेवून कंपाइल केलंय आणि अशी क्लास फाइल फक्त त्याच एका जावा आवृत्तीवर चालते, पुढच्या आवृत्तीवरही नाही. पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमधे हे असायचं कारण नाही, पण बघायला काही लागत नाही.

आता दुसरा त्रास, बदल केला तरी दिसत नाही. याची कारणं जास्त आहेत आणि इथेच एकत्र फोल्डर आणि गिट तुम्हाला अडकवतायत.

गिट फाइलीची मूळ वेळ साठवत नाही. क्लोन केलं किंवा पुल केलं की ज्या क्षणी फाइल डिस्कवर पडली ती तिची वेळ. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने सोर्स बदलला, क्लास कंपाइल न करता जुनीच चेक-इन राहिली, आणि तुम्ही नव्याने क्लोन केलं, तर दोन्ही फाइली तुमच्याकडे जवळजवळ एकाच सेकंदाला पडणार. आता अँटला वेळेवरून काय ठरवता येणार? आणि अँट सोडा, खुद्द जावासीला एखादा क्लास लागला आणि त्याला त्या नावाची सोर्स फाइल आणि क्लास फाइल दोन्ही सापडल्या तर तो त्यातली जी नवी असेल ती घेतो, तो त्याचा ठरलेला नियम आहे. एरवी हा नियम सोयीचा आहे, पण फाइलींच्या वेळाच खोट्या असतील तर काय कंपाइल होणार आणि काय नाही हे क्लोन करताना कुठली फाइल आधी पडली यावर ठरतं. म्हणून क्लास फाइली गिटमधे नकोत. गिटची साइज वाढते वगैरे कारणं लोक देतात, तीही खरी आहेत, पण माझ्या दृष्टीने हे कारण मोठं आहे.

यापेक्षा जास्त त्रासदायक कॉन्स्टंटचं, म्हणजे कोडमधे पक्क्या लिहिलेल्या आकड्यांचं, प्रकरण आहे. हे मी अनुभवलंय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१५ मधे १ जूनपासून सर्व्हिस टॅक्स १२.३६ टक्क्यांवरून १४ टक्के झाला. आम्ही तेव्हा भोसरीतल्या एका मशीन मेंटेनन्स करणाऱ्या कंपनीचं बिलिंग सांभाळायचो. दर एका इंटरफेसमधे लिहिलेला होता, पब्लिक स्टॅटिक फायनल डबल, आणि त्यापुढे १२.३६. रविवारी ऑफिसला जाऊन आम्ही तिथे १४ केलं, बिलाच्या छपाईच्या क्लासमधे थोडा मजकूर बदलला, अँट चालवला, बिल्ड सक्सेसफुल आलं, क्लास फाइली सर्व्हरवर नेऊन टाकल्या आणि घरी आलो. सोमवारी दुपारी तिथल्या अकाउंटंट ताईंचा फोन आला, म्हणाल्या, अहो बिलावर १४ टक्के छापलंय पण ५०,००० वर टॅक्स ६,१८० लागलाय, ७,००० यायला पाहिजे ना? तोपर्यंत दिवसभराची बिलं गेली होती.

आम्ही सोर्स उघडला तर तिथे १४. इंटरफेसची क्लास फाइल उघडली तर तिथेही १४. डोकं चालेना. शेवटी हिशेब करणाऱ्या क्लासवर जावापी मायनस सी लावून बघितलं तर त्या मेथडच्या आत सरळ १२.३६ हा आकडा बसलेला होता, आणि आमच्या त्या इंटरफेसचं नावसुद्धा त्या क्लास फाइलीत कुठे नव्हतं. कारण जावासी असा कॉन्स्टंट वापरताना तिथे त्या इंटरफेसकडे बोट दाखवत नाही, कंपाइल करतानाच आकडा उचलून वापरणाऱ्याच्या क्लासमधे चिकटवून टाकतो. छपाईचा क्लास आम्ही त्या दिवशी बदलला होता म्हणून तो नव्याने कंपाइल झाला आणि त्यात १४ गेलं. हिशेबाच्या क्लासला कुणी हात लावला नव्हता, त्याचा सोर्स त्याच्या क्लासपेक्षा जुना, अँटने त्याला सोडून दिलं. अँटची यात चूक नाही, त्याला कळायला मार्गच नाही, कारण या दोघांचा संबंध क्लास फाइलीत उरलेलाच नसतो. क्लास फाइली वाचून कोण कुणावर अवलंबून आहे हे काढणारं कुठलंही टूल इथे फसतं.

ज्यांचे दर बदलतात अशा गोष्टी, टॅक्स, व्याजदर, मुदत ठेवीचे स्लॅब, या पब्लिक स्टॅटिक फायनलमधे ठेवूच नका. जावाच्या स्पेसिफिकेशनमधेही हेच सांगितलंय की जे खरंच कधी बदलणार नाही त्यालाच असा कॉन्स्टंट करावा. बाकीचं डेटाबेसमधे, कुठल्या तारखेपासून लागू त्या तारखेसकट ठेवा. लगेच जमणार नसेल तर निदान तो आकडा एका मेथडमधून परत द्या, मेथडची हाक क्लास फाइलीत हाक म्हणूनच राहते, तिचा आकडा चिकटत नाही. आणि सर्व्हरवर टाकायचं बिल्ड कायम आधी सगळं पुसून मगच करायचं. ग्रेडल (आणखी एक बिल्डचं टूल) कॉन्स्टंटच्या बदलाचा हिशेब ठेवतो हे मला माहितीये, तरी रिलीजचं बिल्ड मी त्यातही पुसूनच करतो.

पुसून बिल्ड करण्याचा आणखी एक फायदा म्हणजे मेलेले क्लास जातात. सोर्स फाइलीचं नाव बदललं किंवा फाइल काढून टाकली तरी तिची जुनी क्लास फाइल तिथेच राहते, अँटचा टास्क ती काढत नाही. मग कुठेतरी दुसरीकडे त्या जुन्या नावाचा वापर शिल्लक असेल तर तोही तुमच्याकडे चालत राहतो आणि नव्या माणसाच्या मशीनवर फुटतो.

एक एक क्लास फाइल उचलून सर्व्हरवर टाकायची सवय तुमच्याकडेही असणार असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. पॅच म्हणतात त्याला, पुण्यात कितीतरी ठिकाणी हे वर्षानुवर्षं चाललंय आणि मी पण केलंय. ती सोडा. एका डॉट जावामधून कितीतरी क्लास फाइली निघतात, नावात डॉलर असलेल्या, आतल्या क्लासच्या, आणि सोर्समधे आतला क्लास नसला तरी एनमवर (ठरावीक नावांची यादी) स्विच लिहिला की डॉलर १ नावाची एक फाइल निघते. तुम्ही मुख्य फाइल नेली आणि डॉलरवाली विसरलात तर दोन वेगवेगळ्या दिवशीच्या अर्ध्या अर्ध्या गोष्टी एकत्र आल्या. जावा ११ पासून आतल्या आणि बाहेरच्या क्लासमधे प्रायव्हेट गोष्टी वापरायची यंत्रणाच बदलली, आधी कंपाइलर त्यासाठी गुपचूप जास्तीच्या मेथड तयार करायचा, आता क्लास फाइलीतच लिहिलेलं असतं की हे सगळे एका घरातले आहेत. त्यामुळे एक ८ ची आणि एक १७ ची अशी जोडी जमवली तर रनटाइमला असे एरर येतात की सोर्स बघून काहीही उलगडत नाही. न्यायचा तर अख्खा जार, म्हणजे सगळ्या क्लास फाइलींची एकत्र झिप, न्यायचा.

सर्व्हरवरचा क्लास आणि तुमचा सोर्स जुळत नाही हे ओळखायची एक सोपी खूण सांगतो, मला तिचा खूप उपयोग झालाय. क्लास फाइलीत सोर्सचा पाथ नसतो, फक्त फाइलीचं नाव आणि कुठली सूचना कितव्या ओळीची याची यादी असते. एक्सेप्शन आला की स्टॅक ट्रेसमधे (एरर कुठून कुठून आला त्याची यादी) तो ओळ क्रमांक येतो. तुमच्या सोर्समधे ती ओळ उघडा, समजा २१४ वी, आणि तिथे नुसता महिरपी कंस असेल किंवा कॉमेंट असेल किंवा फाइल १९० ओळींतच संपत असेल, तर तिथेच थांबा. तो बग शोधत बसू नका, तुम्ही वाचताय तो कोड तिथे चालतच नाहीये.

आता इथपर्यंतचं जुळवून घ्या: व्हर्जन आठ बाइटांत कळतं, बदल न दिसण्याला फाइलींच्या खोट्या वेळा, चिकटलेले कॉन्स्टंट, मेलेले क्लास आणि अर्धवट पॅच ही चार कारणं असतात. यापुढे काय करायचं ते.

सगळ्यात पहिलं, सर्व्हरवर आत्ता जे आहे त्याची जशीच्या तशी कॉपी घ्या, जार असेल तर जार, सुट्या क्लास असतील तर अख्खा फोल्डर, तारीख टाकून दोन ठिकाणी ठेवा. गिटमधल्या क्लास फाइलींवर विश्वास ठेवू नका, त्या आणि सर्व्हरवरच्या एकच असतील असं गृहीत धरू नका.

मग सोर्सला हात न लावता, फोल्डर न हलवता, फक्त अँटच्या फाइलीत डेस्टडिर (क्लास फाइली जिथे पडतात तो फोल्डर) बाहेरच्या एका नव्या रिकाम्या फोल्डरकडे वळवा, कमांडवर करत असाल तर जावासीचा मायनस डी. पण एक करा, हे बिल्ड करताना जुन्या क्लास फाइली वाटेत येता कामा नयेत, म्हणून क्लोनची एक कॉपी करा, त्या कॉपीतले सगळे डॉट क्लास उडवा आणि तिथे बिल्ड चालवा. पहिल्यांदा हे बहुतेक फुटेल. फुटू दे. सिम्बॉल सापडत नाही म्हणून जी जी नावं येतील ती म्हणजे ज्यांचा सोर्स तुमच्याकडे नाही अशा क्लासची यादी, आणि ही यादी तुमच्या प्रोजेक्टची खरी तब्येत आहे. रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालताना नावावरून क्लास शोधून) किंवा कॉन्फिगमधून नाव देऊन लोड होणारे क्लास यात येणार नाहीत, म्हणून सर्व्हरच्या कॉपीतल्या नावांशी पण एकदा ताडून बघा. त्या क्लासचं काय करायचं ते शेवटी सांगतो.

कंपाइल करताना व्हर्जन कसं सांगता याकडे लक्ष द्या. तुमच्या बिल्ड फाइलीत सोर्स १.८ आणि टार्गेट १.८ लिहिलेलं असेल आणि जेडीके १७ चा असेल तर क्लास फाइलीवर शिक्का ५२ चा बसेल, आणि तरीही ती जावा ८ वर पडू शकते. कारण टार्गेट फक्त फाइलीचा फॉरमॅट ठरवतो, लायब्ररी मात्र तो १७ चीच बघतो. ठळक उदाहरण बाइट बफरचं आहे. त्याची फ्लिप ही मेथड जावा ८ पर्यंत वरच्या बफर क्लासकडून आलेली होती आणि बफर परत द्यायची, जावा ९ पासून बाइट बफरने ती स्वतःकडे लिहिली आणि ती बाइट बफर परत देते. सोर्समधे एक अक्षर फरक नाही, पण क्लास फाइलीत मेथडच्या नावाबरोबर ती काय परत देते हेही कोरलेलं असतं, त्यामुळे जावा ८ वर नो सच मेथड एरर. यावर उपाय म्हणजे मायनस मायनस रिलीज ८, हा पर्याय जावा ९ पासून जावासीमधे आहे आणि तो भाषा, फॉरमॅट आणि लायब्ररी तिन्ही ८ च्या धरतो. मेव्हनमधेही त्यासाठी रिलीज आहे, अँटच्या अलीकडच्या आवृत्त्यांतही आहे. सोर्स-टार्गेटची जोडी काढा आणि हे लावा. जेडीके २० पासून रिलीज ७ चालत नाही, ८ अजून चालतं पण २१ पासून ते कालबाह्य होणार अशी वॉर्निंग येते, तेव्हा पतसंस्थेला सर्व्हरवरचा जावा बदलायचं हळूहळू सांगायला लागा.

दुसरी गोष्ट एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमधे लिहायची पद्धत, आणि आपल्याकडच्या सॉफ्टवेअरला ही हमखास नडते. तुमच्या सोर्समधे पावतीवरचा मराठी मजकूर असणार, सभासद, ठेव, थकबाकी. जावा १८ च्या आधी जावासी सोर्स वाचताना मशीनचं डिफॉल्ट एन्कोडिंग धरायचा, विंडोजवर ते बहुतेक वेळा यूटीएफ-८ नसतं, आणि मग कित्येकदा कंपाइल होताना कुठलाही एरर न येता क्लास फाइलीत कचरा जाऊन बसतो. १८ पासून यूटीएफ-८ डिफॉल्ट झालं. तुम्ही कुठल्याही जेडीकेवर असा, एन्कोडिंग बिल्ड फाइलीत लिहूनच ठेवा. जाता जाता, क्लास फाइलीत एका स्ट्रिंग कॉन्स्टंटला ६५,५३५ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तिथे तीन बाइट घेतं, म्हणजे साधारण २१,८४५ चिन्हं. कर्जरोख्याचा अख्खा मसुदा कुणी एका स्ट्रिंगमधे घातला असेल तर तो तिथून काढून रिसोर्स फाइलीत ठेवा.

नवं बिल्ड झालं की ते सर्व्हरच्या कॉपीशी ताडून बघा. क्लास फाइलीत कंपाइल केल्याची वेळ नसते. तोच सोर्स, तोच जेडीके, त्याच सेटिंग असतील तर निघणारी क्लास फाइल बाइट टू बाइट तीच निघते, जार वेगळा दिसतो तो त्यातल्या झिपमधे वेळा असतात म्हणून. त्यामुळे जार ताडू नका, उघडून आतल्या क्लास ताडा. ज्या जुळल्या त्या मिटल्या. ज्या जुळल्या नाहीत त्यांच्यावर जावापी मायनस सी लावून दोन्हीचं आउटपुट डिफमधे (दोन फाइलींतला फरक दाखवणारं टूल) टाका. काही ठिकाणी फक्त डीबगची माहिती वेगळी असेल, ते सोडून द्या. पण काही ठिकाणी खरोखर लॉजिक वेगळं निघेल, म्हणजे कुणीतरी पूर्वी सर्व्हरवर दुरुस्ती केली आणि सोर्समधे टाकलीच नाही. पतसंस्थेत अशी दुरुस्ती बहुतेक व्याजाच्या किंवा दंडाच्या हिशेबातच असते, म्हणून हे काम कंटाळवाणं असलं तरी टाळू नका. तुम्ही स्वच्छ बिल्ड करून टाकलंत आणि ती दुरुस्ती पुसली गेली तर लोकांच्या ठेवींचे आकडे बदलतील आणि कुणाला लगेच कळणारही नाही.

हे सगळं झाल्यावर मग गिटमधून क्लास फाइली काढा, गिट आरएम मायनस मायनस कॅश्ड, आणि गिटइग्नोरमधे डॉट क्लास आणि बिल्डचा फोल्डर टाका. टीमला आधी सांगून ठेवा, कारण बाकीच्यांनी पुल केलं की त्यांच्याकडच्या चेक-इन असलेल्या क्लास फाइली डिस्कवरून जातात आणि घाबरायला होतं.

आणि फोल्डर हलवणं त्याच्यानंतर. एसआरसी, मेन, जावा मधे सोर्स, एसआरसी, मेन, रिसोर्सेस मधे प्रॉपर्टी आणि बाकीच्या फाइली, एसआरसी, टेस्ट, जावा मधे टेस्ट. पॅकेजचं नाव आणि त्याखालची फोल्डरची साखळी तंतोतंत जुळली पाहिजे, अगदी कॅपिटल-स्मॉल सकट. विंडोजला जीएसटीइनव्हॉइस हे नाव तिन्ही अक्षरं कॅपिटल आणि फक्त पहिलं कॅपिटल दोन्ही सारखंच वाटतं, लिनक्सच्या सर्व्हरला नाही, म्हणून एकदा बिल्ड लिनक्सवर करून बघाच. हलवण्याचा कमिट वेगळा ठेवा, त्यात आतली एक ओळही बदलू नका. गिट फाइल हलवली हे मजकुराच्या साम्यावरून ओळखतं, हलवली आणि त्याच वेळी खूप बदलली तर इतिहास तुटल्यासारखा दिसतो आणि अशा प्रोजेक्टमधे कुणी कधी का बदललं हे कळणं फार मोलाचं असतं. मेव्हनवर लगेच गेलंच पाहिजे असं मला वाटत नाही. अँटनेच या रचनेवर बिल्ड करा, महिनाभर चालवा, मग जा. दोन्ही एकदम केलंत तर काही फुटल्यावर कशामुळे ते कळणार नाही. मात्र जारच्या मॅनिफेस्टमधे (जारमधली माहितीची छोटी फाइल) गिटचा कमिट नंबर आणि जेडीकेची आवृत्ती पहिल्याच दिवसापासून लिहायला लागा, अँटमधे चार ओळींचं काम आहे, आणि सर्व्हरवर काय आहे हे पुढे कधीच विचारावं लागत नाही.

राहिले ते सोर्स नसलेले क्लास. ते उडवायचे नाहीत, सोर्स नाही म्हटल्यावर ती क्लास फाइलच तुमचा सोर्स आहे. त्या सर्व्हरच्या कॉपीतून वेगळ्या काढा, त्यांचा एक जार बनवा, जुने-बिनसोर्स असं सरळ नाव द्या, लिब फोल्डरमधे ठेवा आणि हा जार मात्र गिटमधे चेक-इन करा, सोबत एक टेक्स्ट फाइल की या कुठून, कधी घेतल्या. मग एक एक करून सीएफआरसारख्या डीकंपायलरने (क्लास फाइलीतून सोर्स परत काढणारं टूल) उघडा, त्याआधी हा कोड तुमच्याच कंपनीचा आहे ना हे करारात बघून घ्या. डीकंपाइल केलेला कोड कंपाइल झाला म्हणून लगेच खरा मानू नका, तो परत कंपाइल करून मूळ क्लासशी जावापीने ताडा आणि जुन्या खात्यांचे दहावीस हिशेब दोन्हीकडून काढून बघा. जुळले की त्या जारमधून तो क्लास काढायचा आणि सोर्स एसआरसीमधे घालायचा.

अशा किती फाइली निघतात ते स्क्रिप्ट फिरवल्यावर इथेच लिहा, आणि मेजर आकड्यांची यादी पण टाका. ५० किंवा ४९ च्या काही निघाल्या तर त्या जावा ६ आणि ५ च्या काळातल्या आहेत, त्यांच्या सोर्ससाठी आधी ऑफिसमधल्या जुन्या बॅकअपच्या सीडी आणि एसव्हीएन (गिटसारखंच, त्याआधीचं टूल) असेल तर ते शोधा, डीकंपायलरकडे त्यानंतर वळू.